विनयाने ग्रुप सोडला

चंद्रप्रभा अंतरकरांना सिनेमातल्या माणसांच्या भांडणांची बित्तंबातमी असे. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणती नटी कोणाच्या लग्नाला गेली नाही, मुलाखतीतून मध्येच उठून कोण निघून गेलं, हे सगळं त्यांना दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठाऊक झालेलं असे. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्या सेक्शन ऑफिसर होत्या. हिवाळ्याच्या दिवसांत ऑफिसमागच्या हिरवळीवर बायकांचा घोळका शेंगा सोलत, लोकर विणत उन्हात बसला, की बाई दोन्ही बाजूंचे आवाज काढून ते भांडण असं रंगवून सांगत की पलीकडच्या सेक्शनमधले पुरुषही चहाचा कप हातात घेऊन हळूच जवळ सरकत.

नुसतं सांगत नसत, त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता. एका लाडक्या जोडीचा संसार मोडतोय असं वाचलं त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं. पुढे तीच जोडी नव्या सिनेमाच्या पोस्टरवर गळ्यात गळे घालून दिसली, तेव्हा बाईंनी सेक्शनमध्ये पेढे वाटले. नवरा, दीनानाथ, म्हणाले होते, “अगं, पेढे त्यांनी वाटायचे.” त्यावर बाई म्हणाल्या, त्यांना कुठे वेळ आहे.

दीनानाथ तसे कमी बोलणारे. लग्न करून त्या मिरजेहून दिल्लीला आल्या तेव्हा ते रेल्वेत कारकून होते आणि सकाळी डबा घेऊन गेले की संध्याकाळपर्यंत परतत नसत. बाईंना हिंदी येत नव्हती. भाजीवाल्याकडे ‘गवार’ मागितली, त्याने ते ‘गँवार’, म्हणजे अडाणी, असं ऐकलं आणि तो रागावला, हा प्रसंग त्या पुढे आयुष्यभर नक्कल करून सांगत. पण त्या वेळी घरी येऊन रडल्या होत्या. कॉलेजात एकांकिकांची बक्षिसं मिळवलेली मुलगी, आणि इथे बोलायलाच कोणी नाही. मग एकदा दुधाच्या बूथवर, रांग मोडून पुढे घुसलेल्या एका गृहस्थाला त्या मराठीत पुटपुटत शिव्या देत होत्या, तेव्हा मागून कोणीतरी हसलं. ती विनया मुजुमदार. नाशिकची. तिने तिथल्या तिथे विचारलं, “नाटकात काम करणार का?”

तिथून दोघींची जोडी जमली. दोघीही परीक्षा देऊन सरकारी नोकरीत लागल्या, दोघींनाही आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं, आणि दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या ‘रंगसंगत’ नावाच्या हौशी संस्थेच्या नाटकात वर्षानुवर्षं एक मोठी बहीण तर दुसरी धाकटी, एक सून तर दुसरी नणंद, असं चालू राहिलं. आधी बसने, नंतर मेट्रोने, ऑफिसलाही बरोबरच जायच्या. दोघींची मुलं दिल्लीतच वाढली आणि नोकरीसाठी बाहेर पडली. बाईंची रेवती बंगळुरूला असते आणि फोनवर मराठी बोलता बोलता मध्येच ‘मम्मा, इसको मराठीत काय म्हणतात’ असं विचारते.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी बाईंचा भाचा यशोधन जेवायला आला. तो मूळ पुण्याचा, नोकरीला गुरुग्रामच्या एका कंपनीत. मोबाईलवर दिसणाऱ्या मालिकांची आणि सिनेमांची प्रसिद्धी करणं हे त्याच्या कंपनीचं काम, एवढंच बाईंना माहीत होतं. भरली वांगी वाढता वाढता त्या त्याला ताजी बातमी सांगू लागल्या. एका नव्या मालिकेतल्या नायिकेनं भर मुलाखतीत नायकाच्या अंगावर पेलाभर पाणी फेकलं होतं. बाईंच्या मते चूक पोरीची होती, पण हिरवळीवर यावरून दोन तट पडले होते.

यशोधनचा घास हातातच राहिला. “मावशी,” तो म्हणाला, “ते भांडण मी लिहिलंय.”

बाईंना आधी वाटलं की तो थट्टा करतोय. मग त्याने सगळं सांगितलं. मालिका प्रदर्शित व्हायच्या आधी कोणीही तिच्याबद्दल बोलत नव्हतं, म्हणून हे करावं लागलं. पाणी फेकण्याची तीनदा तालीम झाली. नायकाला सर्दी होती म्हणून पाणी कोमट घेतलं होतं. त्या दिवशी संध्याकाळी दोघं एकाच गाडीतून घरी गेले. आणि केवळ हेच नव्हे. बाईंना ज्या जोडीसाठी जेवण गेलं नव्हतं, त्यांच्या बेबनावाची बातमीही अशीच कोणीतरी टेबलावर बसून तयार केली असणार, असं त्याचं मत पडलं.

 वांग्याचं भांडं बाईंनी पुढे न करता झाकून ठेवलं, त्यावरून यशोधनला काय ते समजलं. दीनानाथांनी ताकाचा विषय काढला, पण तो चालला नाही.

संध्याकाळच्या चहाला मात्र त्या त्याच्यासमोर येऊन बसल्या. पाणी फेकताना त्या पोरीचा हात थरथरत होता, तेही आधी ठरलं होतं का? यशोधन म्हणाला, नाही, ते तिनेच केलं. बाईंनी थोडा विचार केला.

“मग नटी म्हणून पोरगी चांगली आहे,” त्या म्हणाल्या, आणि राग गेला.

राग गेला, पण ती गोष्ट डोक्यातून गेली नाही. कारण त्या वर्षीचं नाटक दीनानाथांनी लिहिलं होतं. इतकी वर्षं ते पडद्यामागे वही घेऊन उभे राहायचे आणि कोणी अडलं की वाक्य पुरवायचे. निवृत्त झाल्यावर एक दिवस त्यांनी कोणाला न सांगता लिहायला घेतलं. ‘सामाईक भिंत’ असं नाटकाचं नाव. शेजारशेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या दोन बहिणी, वडिलांच्या घराच्या वाटणीवरून एकमेकींशी बोलेनाशा झालेल्या. पण भिंत एकच असल्यामुळे एकीच्या कुकरच्या शिट्ट्या दुसरीला मोजता येतात. बाईंनी ते वाचलं आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत राहिल्या. हा माणूस आपल्याला इतका कमी ठाऊक आहे याची त्यांना गंमत वाटत होती आणि लाजही.

पण ते बघणार कोण? संस्थेचे जुने प्रेक्षक निवृत्त होऊन पुण्याला निघून गेले होते. नोएडा-गुरुग्रामच्या नव्या पोरांना रविवारची दुपार घालवायला शंभर ठिकाणं होती. गेल्या वर्षीच्या प्रयोगाला तर रंगमंचावरून नुसता खोकला ऐकून माणूस ओळखता येत होता. दीनानाथांच्या पहिल्या नाटकाला तशा रिकाम्या खुर्च्या दिसणार, हे बाईंना सोसेना.

सोमवारी मेट्रोत त्यांनी विनयाला बेत सांगितला. आपण दोघी भांडायचं. म्हणजे खोटं खोटं, पण सगळ्यांदेखत. नाटकात न बोलणाऱ्या बहिणी, आणि बाहेरही आपण एकमेकींशी बोलत नाही असं लोकांना कळलं, तर लोक बघायला येतील की नाही?

विनया इतकी हसली की समोरच्या बाईने उठून तिला जागा दिली. मग डोळे पुसत तिने एकच मागणी केली, की चूक तिची दिसू दे. “तुझ्याकडे सारखी माणसं येतात. माझ्याकडे निदान भांडायला तरी येतील.”

यशोधनला आधी हे पटलं नाही. मावशीला आपण धंद्यातलं गुपित सांगितलं याचा त्याला पश्चात्ताप झाला. पण मग त्याच्यातला तज्ज्ञ जागा झाला. बाईंच्या मनात भांडणाचं कारण काय असावं याची लांबलचक जुळवाजुळव चालली होती. ती त्याने थांबवली.

“मावशी, कारण सांगायचंच नाही. आपण सांगितलं तर लोक ते खरं की खोटं बघतात. नाही सांगितलं तर प्रत्येक जण आपापलं शोधून काढतो, आणि स्वतः शोधलेल्या गोष्टीवर कोणी शंका घेत नाही.”

बाईंनी यावर आपल्या अटी घातल्या. तिसऱ्या कोणाचंही नाव यात येणार नाही. कोणाच्या घरादाराबद्दल, वागण्याबद्दल अवाक्षर नाही. आणि प्रयोग संपल्याबरोबर रंगमंचावरून सगळ्यांना खरं सांगायचं. तसं सांगितल्यावर तर आणखी मजा येईल, यशोधन म्हणाला.

दीनानाथांना हे मुळीच आवडलं नाही. नाटक चांगलं असेल तर लोक येतील, असं त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षीचं चांगलंच होतं, बाईंनी आठवण करून दिली.  पण आपण खोटं बोलणार नाही, कोणी विचारलं तरी नाही, हे दीनानाथांनी बजावलं.

जानेवारीच्या सुरुवातीला, ‘दिल्लीतले आपण’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे मंडळी एकमेकांना चांगला आंबेमोहोर कुठे मिळतो आणि पुण्याच्या गाडीचं तिकीट कोणाकडे जास्तीचं आहे असलं विचारत, यशोधनने तालमीचा एक फोटो टाकला. त्यात चंद्रप्रभाबाई एका टोकाला आणि विनया दुसऱ्या टोकाला, एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. थोड्याच वेळात त्याने तो फोटो पुसून टाकला. ज्यांनी पाहिला त्यांनी न पाहिलेल्यांना फोन केले. संध्याकाळी ग्रुपवर करड्या अक्षरांत एक ओळ उमटली, की विनया मुजुमदार यांनी ग्रुप सोडला. बस्स. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाईंचा फोन वाजू लागला. ज्यांनी वर्षानुवर्षं फोन केला नव्हता त्यांनाही अचानक त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटू लागली. गुडघ्यांची चौकशी झाली की मग सहजच, आणि विनयाताई कशा आहेत? बाई क्षणभर थांबत आणि म्हणत, “असतील बऱ्या.” हे ‘असतील बऱ्या’ त्यांनी आरशासमोर चार-पाच प्रकारे म्हणून पाहिलं होतं. दीनानाथांना मार्केटात कोणी गाठलं तर ते खोटं बोलत नसत, खरं सांगता येत नसे, म्हणून नुसता सुस्कारा टाकत. त्या सुस्काऱ्याने जे काम केलं ते यशोधनच्या सगळ्या युक्त्यांनी मिळून केलं नसेल.

दोघी आता मेट्रोत वेगवेगळ्या चढत. विनया बायकांच्या पहिल्या डब्यात आणि बाई शेवटच्या डब्यात, गर्दीत, पर्स छातीशी धरून. मात्र रोज संध्याकाळी फोनवर तासभर बोलणं होई. मला कोणी काय विचारलं, तुला कोणी काय सांगितलं, याची देवाणघेवाण करताना दोघी शाळेतल्या मुलींसारख्या खिदळत. भांडणाची एव्हाना कितीतरी कारणं तयार झाली होती. साडीवरून. भूमिकेवरून. विनयाच्या मुलाला रेवतीचं स्थळ सांगितलं होतं म्हणून. नव्हतं सांगितलं म्हणून.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर कहर झाला. सेक्टर चारमधल्या एका घरी दोघींनाही बोलावणं होतं. यजमानीणबाईंनी घाबरून दोघींना दिवाणखान्याच्या दोन टोकांना बसवलं आणि मध्ये जाड्याजाड्या बायकांची फळी उभी केली. तिळगुळाचं ताट फिरत फिरत विनयापाशी आलं. तिने वर पाहिलं, बाईंनीही त्याच वेळी पाहिलं, आणि विनयाला हसू आवरेना. तिने पदर तोंडाशी धरला. खांदे गदगदू लागले. ती तशीच उठून बाहेर पळाली. विनया रडत गेली असं वाटून अर्ध्या खोलीने डोळ्यांना रुमाल लावले. बाईंनी ओठ दाताखाली धरून खिडकीबाहेर पाहिलं, तर त्यांनाही हुंदका आवरत नाहीये असं समजून कोणीतरी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी रात्रीपर्यंत नाटकाच्या प्रवेशिका मागणारे इतके निरोप आले की यशोधनला मोठं सभागृह मिळतं का याची चौकशी करावी लागली. मध्य दिल्लीत कोपर्निकस मार्गावरचं एक मिळालं.

आणि नेमकं इथेच घोटाळा झाला.

संस्थेचे जुने अध्यक्ष गुलाबराव शिरोळे एका सकाळी काठी टेकत बाईंकडे आले. वय झालेलं, पण मनाने कोवळा माणूस. दोघींचं जमवून दिल्याशिवाय चहा घेणार नाही, असं त्यांनी आल्याआल्याच सांगितलं. बाईंनी नेहमीप्रमाणे खिडकीकडे पाहिलं. मग गुलाबराव म्हणाले, की मूळ कारण त्यांना ठाऊक आहे. ज्या वर्षी राणीची मोठी भूमिका बाईंना मिळणार होती आणि ऐन वेळी मिळाली नाही, त्याचं हे शल्य आहे.

“विनयाताईंनीच समितीला सांगितलं होतं, की तुम्हाला ती झेपायची नाही,” गुलाबराव म्हणाले. “पण वहिनी, त्याला किती वर्षं झाली. आता सोडून द्या.”

बाईंना हे ठाऊक नव्हतं. ती भूमिका पुढे विनयानेच केली होती. त्या वर्षी बाईंनी स्वतःची समजूत घातली होती, की आपण तेवढ्या चांगल्या नाही. आणि ती समजूत घालायला त्यांना मदत करणारी, रोज बसमध्ये शेजारी बसून धीर देणारी, विनयाच होती.

गुलाबरावांनी चहा न घेताच निरोप घेतला. त्या संध्याकाळी विनयाचा फोन आला तो बाईंनी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर विनयाने लांबून डोळा मिचकावला. बाईंनी मान फिरवली. वा, काय काम करते ही, असं विनयाला मनात वाटलं. दोन दिवस ती याच कौतुकात होती. तिसऱ्या दिवशी तालमीत, भिंतीपाशी उभं राहायच्या प्रवेशात, मोठी बहीण झालेल्या बाईंनी मानलेल्या भिंतीतून धाकट्या विनयाकडे जे पाहिलं, ते पाहणं दीनानाथांनी लिहिलेलं नव्हतं. विनया वाक्य विसरली. दीनानाथ वहीत बघायचं सोडून बायकोकडे बघत राहिले आणि वाक्य पुरवायचं विसरले. तालीम संपल्यावर यशोधन मावशीजवळ आला. एवढं छान कसं जमलं, असं तो विचारणार होता, पण तोंड बघून त्याने हळूच म्हटलं, “मावशी, हे आपलं ठरलं नव्हतं ना?”

बाई म्हणाल्या, घरी जा.

 घरी दीनानाथांनी वरणभाताचा कुकर लावला, दोघांची पानं घेतली आणि समोर बसून राहिले. शेवटी बाईंनीच सांगितलं. ते ऐकून ते म्हणाले, “मग तिलाच विचार ना. माझ्या नाटकात त्या दोघी विचारत नाहीत, म्हणून तर तीन अंक झाले.”

दुसऱ्या दिवशी बाई पहिल्या डब्यात चढल्या. हौज खासला गाडी बदलायची असते. तिथल्या फलाटावरच्या बाकापाशी त्यांनी विनयाचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं. गाड्या येत होत्या, जात होत्या. राणीच्या भूमिकेचं खरं का, असं त्यांनी सरळ विचारलं.

विनयाने काही आढेवेढे घेतले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. तिने घेतले नाहीत.

“खरं आहे,” ती म्हणाली. “मला ती भूमिका हवी होती. तुला मिळणार हे मला बघवेना. नंतर सांगायचं ठरवलं, पण तू इतक्या प्रेमाने माझ्या साडीला फॉल लावून दिलास की तोंडच उघडेना. मग राहूनच गेलं.”

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. विनयाच्याही आलं. पलीकडे बसलेल्या एका अनोळखी सरदारणीने पिशवीतून पाण्याची बाटली काढून दोघींच्या मध्ये ठेवली आणि हिंदीत सांगितलं की बहनजी, घरची गोष्ट घरी बोला, इथे थंडी आहे. बाई पाणी प्यायल्या, त्यांनी नाक पुसलं.

“एक सांगू?” त्या म्हणाल्या. “तू ती राणी फार वाईट केलीस.”

विनयाने क्षणभर पाहिलं. “फारच वाईट केली,” ती म्हणाली. “दुसऱ्या अंकात तर मुकुटच पडला.”

“दोनदा पडला.”

मग मात्र दोघी एकमेकींना मिठी मारून अशा हसू लागल्या की सरदारणीलाही हसू आलं, का ते तिला कळलं नसलं तरी. ऑफिसला दोघींनाही उशीर झाला. बाईंच्या मनातला सल एका सकाळीत संपला असं नाही. पुढे कधी कधी तो डोकं वर काढत असे. पण आता तसं झालं की त्या विनयाला सांगत, आणि विनया ऐकून घेत असे.

इकडे एक गडबड झाली होती. व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या कोणीतरी फलाटावरून जाताना दोघींना एकमेकींना मिठी मारताना पाहिलं होतं. दुपारपर्यंत बातमी दिल्लीभर झाली, की समेट झाला. यशोधन संध्याकाळी डोक्याला हात लावून मावशीकडे येऊन बसला. प्रयोग चार दिवसांवर आलेला. भांडण मिटलं म्हणजे बातमी संपली, आता कोण येणार? त्याच्या धंद्यात समेट नेहमी प्रदर्शनानंतर करतात.

पण त्याच्या धंद्याला आर. के. पुरम ठाऊक नव्हतं. त्याच संध्याकाळी गुलाबरावांचा फोन आला. आपण त्या दिवशी बोललो ते कामी आलं याचा त्यांना फार आनंद झाला होता. ते मुलासुनेसह नाटकाला येणार होते. मग हळदीकुंकवाच्या यजमानीणबाई. आपल्या घरच्या तिळगुळानेच हे घडलं, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मग एक कर्नल, ज्यांनी दीनानाथांना मार्केटात संयमाचे दोन शब्द ऐकवले होते. मग नोएडाची एक मुलगी, तिने विनयाला मेसेजवर समजावलं होतं. ज्याने ज्याने म्हणून मध्यस्थी केली होती, त्या प्रत्येकाला हा समेट आपणच घडवला असं वाटत होतं, आणि प्रत्येकाला आपल्या हातचं काम डोळ्यांनी बघायचं होतं. शिवाय ते दाखवायला बरोबर पाहुणे आणायचे होते. यशोधन मावशीच्या शेजारी बसून हे फोन ऐकत राहिला. शेवटी त्याने कपाळावरचा हात काढला आणि म्हणाला, की हे ऑफिसात सांगितलं तर कोणी मानणार नाही.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. खुर्च्या संपल्यावर पोरं पायऱ्यांवर बसली. पडदा उघडायच्या आधी दीनानाथ फटीतून एकदा बघून आले आणि पुन्हा बघायला गेले.

लोक आले होते ते दोघींना बघायला, पहिली दहा मिनिटं त्यांनी तेच केलं. एकमेकांना कोपरं मारत, ती बघ कशी बघते, म्हणत. पण मग पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मोठी बहीण भाजी चिरता चिरता थांबली आणि मनाशी म्हणाली, “चौथी. हिला डाळ अजून मऊच लागते.” सभागृहात कोणीतरी मोठ्याने हसलं, आणि लगेच गप्प झालं. तिथून पुढे कोणी कोणाला कोपर मारलं नाही. भिंतीपाशी दोघी दोन्ही बाजूंनी हात टेकून उभ्या राहिल्या तेव्हा विनया वाक्य विसरली नाही, आणि बाईंनी जे पाहायचं ते पाहिलं. या वेळी त्यात राग नव्हता.

पडदा पडला, पुन्हा उघडला. टाळ्या थांबल्यावर चंद्रप्रभाबाई पुढे आल्या. ठरल्याप्रमाणे त्यांनी सगळं सांगून टाकलं. भांडण खोटं होतं, फोटो ठरवून काढला, विनयाने ग्रुप ठरवून सोडला. तुम्ही यावं म्हणून केलं, त्याबद्दल माफ करा. सगळ्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग पूर्वीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या. बाईंना वाटलं, लोकांनी मोठ्या मनाने घेतलं.

रंगपटात गुलाबराव आले तेव्हा खरं काय ते समजलं. त्यांचे डोळे भरून आले होते. “वहिनी,” ते म्हणाले, “मैत्रिणीची चारचौघांत शोभा होऊ नये म्हणून तुम्ही सगळं नाटक होतं असं सांगितलंत. याला मोठेपण लागतं.”

बाईंनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. गुलाबराव मान हलवून हसत राहिले. यजमानीणबाईंनीही विश्वास ठेवला नाही. त्या हळदीकुंकवाचं रडणं आपण या डोळ्यांनी पाहिल्याचं सांगत होत्या. विनया खुर्चीत बसून रंग पुसत होती. ती म्हणाली, जाऊ दे प्रभा, आणि थोडंसं खरंही होतंच की.

मग सगळी मंडळी चालत बंगाली मार्केटला गेली आणि गोलगप्प्यांच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, ठेल्यासमोर उभी राहिली. गुरुग्रामच्या पोरांना दुसरा प्रयोग त्यांच्याकडे हवा होता. यशोधनला त्यांनी घेरलं होतं. दीनानाथ कुठे दिसेनात म्हणून बाईंनी शोधलं. एका झाडाखाली एक अनोळखी तरुण जोडपं त्यांना काहीतरी विचारत होतं. मोठी बहीण शिट्ट्या मोजते हे सुचलं कसं, असं ती मुलगी विचारत होती; तिच्या घरी तिची आई आणि काकू अशाच आहेत. दीनानाथ हातवारे करून सांगत होते. बाईंनी त्यांना हातवारे करताना कधी पाहिलं नव्हतं.

रिक्षात बसल्यावरही ते बोलत राहिले. पहिल्या अंकात एक वाक्य जास्तीचं झालंय, ते काढायला हवं. धाकटीला शेवटी आणखी थोडं बोलायला द्यावं का? आणि दुसरं एक सुचतंय, रेल्वेच्या यार्डात रूळ बदलणारे दोन पॉइंट्समन असतात, त्यांचं. मोतीबाग गेलं, सेक्टरांचे बोर्ड सुरू झाले, तरी त्यांचं संपलं नव्हतं. चंद्रप्रभाबाईंनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. रिक्षावाल्याला त्यांनी हातानेच खूण केली, की आणखी एक चक्कर मार.